आक्कांचे राक्षस

"इकडं बघा."

आक्का भेटल्या की पहिलं वाक्य हेच. या नाही, बसा नाही, चहा घेता का नाही. "इकडं बघा." आपण मुकाट्यानं बघायचं. मग त्या चष्मा कपाळावर ढकलणार, आपल्या डोळ्यांत डोळे घालणार आणि निकाल देणार. "पोट बिघडलंय तुमचं." किंवा, "कुनाशी तरी भांडून आलाय." माझ्या बाबतीत हा दुसरा निकाल बहुतेक वेळा बरोबर यायचा, कारण मी कुणाशी तरी भांडूनच आलेलो असायचो. शेवगावात स्टँडजवळ कुरिअरचं दुकान चालवायचं आणि भांडायचं नाही, हे ज्याला जमत असेल त्यानं येऊन मला शिकवावं. चहा माझ्याकडून.

गल्लीत त्यांना सगळेच आक्का म्हणायचे, वयानं मोठी माणसंसुद्धा. मला त्या भाऊ म्हणायच्या, म्हणून त्यांचा मुलगा मला मामा म्हणायचा. मुलगा पुणतांब्याला, साखर कारखान्यात नोकरीला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आक्का एकट्याच राहायच्या आणि एकटं राहण्याबद्दल कुणी हळहळायला लागलं तर त्याला दाराबाहेर काढायच्या.

आमच्या गल्लीच्या टोकाला गणपतीचा कारखाना आहे. तिथं साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, घासणारे वेगळे, फवाऱ्यानं अंगाचा रंग मारणारे वेगळे. डोळे मात्र आक्कांचे. डोळे रंगवायच्या कामाला आखणी म्हणतात. आखणीच्या दिवसांत आक्का सकाळी न्हाऊन यायच्या, पाटावर बसायच्या, आणि मग कारखान्यात कुणी तोंडातून ब्र काढायचा नाही. कारखान्याचा मालक स्वतः मोबाईल घेऊन बाहेर रस्त्यावर जायचा. आक्कांचा एक नियम होता. एकदा डोळे उघडले की त्या चेहऱ्याला पुन्हा ब्रश लावायचा नाही. चुकलं तरी नाही. "बघायला लागलेल्या देवाला आंधळं करायचं व्हय?"

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? दोन रेघा आणि एक ठिपका. मीही असंच म्हणालो होतो एकदा, त्यांच्या तोंडावर. त्यांनी बाजूला पडलेली एक फुटकी मूर्ती पुढं केली आणि माझ्या हातात ब्रश दिला. मी जीव तोडून डोळा काढला. आक्कांनी बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो गनपती रिक्षाची वाट बघतोय." सगळा कारखाना हसला. मी नाही हसलो, पण गणपती खरंच तसा दिसत होता.

विसर्जनाच्या दिवशी मात्र आक्का घराबाहेर पडायच्या नाहीत. एका वर्षी मी गुलालानं माखून मिरवणुकीतून परत येत होतो आणि त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या. मी म्हणालो, "आक्का, सगळं गाव तिकडं आणि तुम्ही इकडं?"

"देव जातो त्याचं काई न्हाई भाऊ. त्यो येतो परत. पन डोळे माझे असत्यात. ते जात्यात." त्यांनी एक खडा उचलून रस्त्यावर टाकला. "जन्माचं काम पान्यात गेलं. मी गेल्यावर माझं एक तरी काम कोरडं राह्यलं पाह्यजे."

हे त्यांनी डोळ्याला पदर लावून वगैरे सांगितलं नाही. गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, अशा आवाजात सांगितलं. मला मात्र घरी जाऊन जेवण गेलं नाही.

माझा एक भाचा पुण्यात कंपनीत आहे. चांगला शिकलेला, पगार चांगला, पण चाळिशीला टेकला तरी बाहुल्यांशी खेळतो. मी असंच म्हणायचो. तो म्हणायचा, "मामा, बाहुल्या नाहीत, सैन्य आहे." टेबलावर खोटे डोंगर, खोटी घरं मांडायची आणि दोघांनी आपापलं सैन्य घेऊन, फासे टाकून लढायचं. सैनिक अंगठ्याएवढे. माणसं, जादूगार, राक्षस, काय वाट्टेल ते. ते कोरे, राखाडी प्लॅस्टिकचे मिळतात आणि ज्याचे त्यानं रंगवायचे असतात. ज्यांना रंगवता येत नाही ते दुसऱ्याकडून रंगवून घेतात, आणि चांगला रंगवणारा सहजासहजी मिळत नाही.

तर हा भाचा गणपतीच्या आधी माझ्याकडं आला होता. मी त्याला कारखाना दाखवायला नेलं. आक्कांची आखणी बघून तो जागचा हलेना. शेवटी खिशातून एक सैनिक काढून म्हणाला, "आक्का, याचे डोळे जमतील?"

आक्कांनी तो चिमटीत धरून उजेडाकडं फिरवला. "डोळा म्हंजे मोहरीच्या निम्मा बी न्हाई," त्या म्हणाल्या. मला वाटलं, परत देतील. त्यांनी तो पदराच्या गाठीत बांधला.

दुसऱ्या दिवशी सैनिक परत आला तेव्हा माझ्या भाच्याचं तोंड उघडं ते उघडंच. चिलखताला गंज चढलेला, बुटांना चिखल लागलेला, अंगावरच्या झग्याला बारीक पैठणी काठ, आणि चेहऱ्यावर दोन डोळे. खरोखरचे डोळे. ज्याच्या हातात तो सैनिक असेल त्याच्याकडं बघणारे.

"पसंत पडंल का तुमच्या मंडळींना?" मी आपलं भाच्याला विचारलं.

"न पडायला काय धाड भरलीय?" आक्का म्हणाल्या. हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. स्वतःच्या कामाबद्दल त्यांना कधी शंका आलेली मी बघितली नाही, एक प्रसंग सोडला तर. तो पुढं येईल.

मग पुण्याहून खोकी यायला लागली. आक्कांनी ओट्यावर मांडामांड केली. शाडूच्या गोळ्यात सैनिकाचे पाय रोवायचे आणि तो गोळा डाव्या हातात धरायचा. सगळ्यात बारीक ब्रश घ्यायचा आणि तोही ब्लेडनं कातरून आणखी बारीक करायचा, शेवटी दोन-चार केस राहतील इतका. काळा रंग पाण्यात पातळ करून अंगावर सोडायच्या. ते पाणी फटींमध्ये जाऊन बसलं की कपड्याच्या चुण्या, बोटांच्या खाचा आपोआप उठून दिसायच्या. रंगवून झालेले सैनिक अंड्यांच्या ट्रेमध्ये कापसावर निजायचे. ते पॅक करणं माझं काम. माझ्या दुकानातून गेलेली काचेची बरणीसुद्धा कधी फुटलेली नाही, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगतो.

पैसे मिळत होते, कारखान्यापेक्षा बरेच बरे. पण आक्का पैशासाठी रंगवत नव्हत्या, हे मी बघत होतो. एखादा सैनिक पूर्ण झाला की त्या तो हातावर घेऊन नुसत्या बसून राहायच्या. मुलगा फोनवर ओरडायचा, "आई, ह्या वयात खेळन्या काय रंगवत बसलीस?" त्या म्हणायच्या, "तुज्या कारखान्यातली साखर विरघळती. माजं न्हाई विरघळत." आणि फोन ठेवून द्यायच्या.

मग भाच्याच्या एका मित्राचं मोठं काम आलं. सबंध राक्षसांचं सैन्य. शिंगं, सुळे, हातात मुंडकी. सोबत भाच्यानं एक जास्तीचा राक्षस दिला होता, रंग करून बघायला. आक्कांनी दिवसचे दिवस खपून ते सैन्य केलं. कातडी लालभडक, सुळ्यांना रक्त, नखांत माती. मी पॅक करताना मला एवढंच जाणवलं की हे राक्षस बघून भीती काही वाटत नाही. उलट जरा बरंच वाटतं. पण मला त्यातलं काय कळतंय, म्हणून मी खोकं बंद केलं आणि धाडून दिलं.

चौथ्या दिवशी भाच्याचा फोन. "मामा, घोटाळा झालाय. राक्षस मायेनं बघतायत."

"म्हणजे?"

"म्हणजे हातात मुंडकं आहे, तोंडाला रक्त आहे, आणि नजर अशी की पाया पडावंसं वाटतंय. माझा मित्र म्हणतो, असं सैन्य घेऊन टेबलावर उतरलो तर समोरचा प्रसाद मागेल."

जन्मभर एकच नजर काढलेला हात. अर्धवट मिटलेल्या पापण्या, खाली झुकलेली बुबुळं, ये बाळा म्हणणारी नजर. तो हात राक्षसाला दुसरं काय देणार? मला हसूही येत होतं आणि हे आक्कांना सांगायचं कसं, याचा घामही फुटला होता. खोकं परत आलं. मित्राचं म्हणणं साधं होतं. डोळे पुसून पुन्हा काढून द्या, नाहीतर काम दुसऱ्याला देतो. आणि या मंडळींचं जग एवढंसं. एकानं नापसंत केलं की सगळीकडं बोभाटा.

मी सांगितलं. आक्कांनी खोक्यातला एक राक्षस उचलून उजेडाला धरला. मग म्हणाल्या, "डोळे पुसू? उघडलेले?" आणि उठून आत गेल्या.

पुढचे काही दिवस खोकं ओट्यावर तसंच. आक्कांनी ब्रशला हात लावला नाही. भेटल्यावर "इकडं बघा" म्हणाल्या नाहीत. ते मात्र मला सहन होईना. एका सकाळी जाऊन मी म्हणालो, "आक्का, जाऊ द्या. परत पाठवून देतो. कारखाना आहेच की."

"कारखाना हाय. पन तिथलं सगळं पान्यात जातंय," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, पहिल्यांदाच अशा आवाजात, "मला राग काढताच येत न्हाई, भाऊ. कधी काढलाच न्हाई. आरशात बघून केला, तर माजंच मला हसू येतंय."

त्यानंतरच्या रविवारी, बाजाराच्या दिवशी, माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाचं बियाण्याचं पार्सल, कुणाचा मोबाईल, एकाची तर मिक्सरची भांडी. त्या गर्दीत आक्का घुसल्या आणि काउंटरवर हात आपटून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुमच्या पॅकिंगमुळंच राक्षसांची वाट लागली. पॅकिंग म्हनायचं का भेळंची पुडी? हितं पार्सल देनं म्हंजे इहिरीत टाकनं!"

माझं पॅकिंग! भेळेची पुडी! गिऱ्हाइकांसमोर! मी काय काय बोललो ते मला आठवत नाही आणि आठवलं तरी इथं लिहिण्यासारखं नाही. आवाज स्टँडपर्यंत गेला असणार. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की आक्का उत्तरच देत नाहीत. चष्मा कपाळावर, मान वाकडी, नाक माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, आणि हातात पेन्सिल.

"हां. आस्संच ऱ्हावा. हलू नका."

काउंटरवरची एक पावती उलटी करून त्या भराभर रेघा मारत होत्या. मला उमगलं, आणि मी आणखीनच भडकलो.

"आता तर लईच झ्याक!" आक्का म्हणाल्या.

दुकान हसून हसून लोळलं. मिक्सरवाला तर पार्सल विसरून गेला. संध्याकाळी आक्का समजूत काढायला थालीपीठ घेऊन आल्या. "बाजारात हिंडले हो रागासाठी. लोकांचा राग तोंडात असतोय, कुनी बघितलं की पळून जातोय. तुमचा डोळ्यांत असतोय. आनि म्या इतके दिवस भुवया चढवत बसले हुते! राग भुवईत नसतोयच, भाऊ. खालच्या पापनीत असतोय. ती वर येती आनि ताठती." मी थालीपीठ खाल्लं. राग होताच, पण थालीपीठ उत्तम होतं.

पहिला प्रयोग त्यांनी त्या जास्तीच्या राक्षसावर केला, त्याचे डोळे अजून काढलेले नव्हते. तो माझ्यापुढं धरला तेव्हा मी दचकलो. लाल तोंड, शिंगं, सुळे, आणि मधोमध मी.

पण सैन्याचं काय? ते तर डोळे उघडून मायेनं बघत बसलेलं. नियम मोडायचा कसा? आक्कांनी त्यावर जी तोड काढली ती दुसऱ्या कुणाला सुचली नसती. त्यांनी आधी हात जोडले आणि प्रत्येक राक्षसाच्या डोळ्यावर कातडीचाच रंग घेऊन पापणी ओढली. पुसलं नाही, मिटलं. मी गेलो तर खाटेवर राक्षसांची रांग, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि वरून त्यांचं जुनं मऊ लुगडं.

"निजवल्यात," आक्का कुजबुजल्या. "उद्या उठत्याल. आनि चिडूनच उठत्याल, दुपारच्याला तुमी उठता तसं."

सैन्य गेलं. मित्राचा फोन भाच्याला, भाच्याचा मला. शब्द एकच. "जबरदस्त." मी धावत जाऊन आक्कांना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. "न पडायला काय धाड भरलीय?" म्हणाल्या, पण भाकरी करपली.

त्यानंतर आक्कांना मागं वळून बघावं लागलं नाही. पुणं झालं, मुंबई झाली, बंगळूरू झालं, परदेशातूनसुद्धा खोकी आली. सणाच्या आधी त्या कारखान्यात बसायच्याच. दोन्ही नजरा आता त्यांच्या हातात होत्या आणि कोणती कुठं द्यायची याचा हिशेब कधी चुकला नाही.

एकदा त्यांना घेऊन मी पुण्याला गेलो, खेळ बघायला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये टेबलंच टेबलं, आणि एका टेबलावर आक्कांचे राक्षस. आक्कांना वाटलं होतं काचेच्या कपाटात असतील. "हात लावत्यात की हो!" त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मग डावात एक राक्षस मेला आणि खेळणाऱ्या पोरानं तो उचलून डब्यात टाकला. आक्कांचा चेहरा उतरला.

"आक्का, हा डाव संपला की परत उभा राहणार तो," भाच्यानं सांगितलं. "वार्निश आहे त्याच्यावर. आम्ही म्हातारे होऊ, तरी हा असाच असणार."

"म्हंजे मरत्यात, पन जात न्हाईत," आक्का म्हणाल्या. मग त्या पोराला म्हणाल्या, "इकडं बघा." त्यानं बघितलं. "जपून वागवशील तू," असा निकाल देऊन त्या चहा प्यायला निघाल्या. येताना एसटीत सबंध रस्ता बोलत होत्या. इतकं खूश मी त्यांना दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

पुढं गुडघे बोलायला लागले तसा मुलगा त्यांना पुणतांब्याला घेऊन गेला. जाताना ब्रश नेले, शाडू नेला आणि माझ्या डोळ्यांचा तो पहिला राक्षस नेला. तो तिथं टीव्हीवर असतो, असं फोनवर सांगायच्या. "नातवंडं अभ्यासाला बसत न्हाईत तवा त्याचं तोंड तिकडं फिरवते. तुमचा धाक हाय हितं." गल्ली सुनी झाली. खोटं कशाला बोलू, दुकानातल्या भांडणातही मजा राहिली नाही. मला त्यांची रोज आठवण यायची. येते.

दिवाळीनंतर एका दुपारी आक्का जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

सावडायच्या दिवशी मी पुणतांब्याला गेलो. गोदावरीला चांगलं पाणी होतं. मुलगा, डोकं भादरलेलं, पंचा नेसलेला, गुडघाभर पाण्यात उतरला. अस्थी सोडल्या. मग पायरीवर ठेवलेलं एक गाठोडं त्यानं मागून घेतलं. आईच्या आवडीचं काहीतरी सोबत द्यायचं, तसं तिथं बरेच जण देतात. गाठोड्यातून त्यानं ब्रश काढले आणि सोडले. ते वाहत गेले. मग त्यानं राक्षस काढला.

"टाकू नको!"

माझा आवाज पलीकडच्या काठाला गेला असेल. भटजी मंत्र विसरले. कुणीतरी माझा दंड धरला, "अहो, ही काय जागा आहे का ओरडायची?" मी हात झटकला. "तिचं सगळं काम पाण्यात गेलंय! सगळं! हे एक तिनं कोरडं ठेवलंय. तेवढं नाही बुडवायचं! याद राख, टाकलंस तर!"

पोरगा हात तसाच धरून माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं हातातल्या राक्षसाकडं बघितलं. इतके दिवस टीव्हीवर होता, पण त्यानं कधी नीट बघितलेला नसणार. पुन्हा माझ्याकडं बघितलं. पुन्हा राक्षसाकडं.

"मामा," तो म्हणाला, "हे तर तुमीच."

आणि तो हसायला लागला. तिथं, पाण्यात, सगळ्यांसमोर. हसता हसता रडायला लागला, आणि तीन दिवसांत तो पहिल्यांदाच रडत होता, असं त्याची बायको नंतर म्हणाली. "आईनं केलं व्हय हे? आसं करायची ती?" एवढंच परत परत म्हणत होता. मलाही मग राहवलं नाही.

शेवटी भटजी म्हणाले, बुडी मारा, उशीर होतोय. पोरगा पाय चाचपत काठाशी आला आणि राक्षस माझ्या हातात दिला. "धरा मामा. भिजंल."

त्यानं एकामागून एक बुड्या मारल्या. पाणी उसळून पायऱ्यांवर येत होतं. माझं धोतर भिजलं, चपला भिजल्या, सदरा भिजला. मी मूठ डोक्याच्या वर, हात पोचेल तितकी वर धरून उभा होतो. पलीकडं धुणं धुणारी एक बाई हात थांबवून माझ्याकडं बघत होती. तिला वाटलं असणार, हा बाबा नदीशी भांडतोय.